सायकल कोणी दिली? : प्रस्तावना

तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामींच्या देवळात पूर्वेच्या दाराने आत गेलेला भाविक त्याच दाराने बाहेर पडत नाही. का, ते गावातलं शाळकरी पोरही सांगेल. वरगुण पांड्य राजाच्या घोड्याच्या टापांखाली रात्रीच्या अंधारात एक ब्राह्मण मेला आणि ब्रह्महत्या राजाच्या मागे लागली. मदुरैच्या देवाने त्याला इथं यायला सांगितलं. राजा पूर्वेच्या गोपुरातून आत शिरला, ती बाहेरच थांबली. दर्शन घेऊन राजा दुसऱ्या दाराने निघून गेला. ती अजून दाराशी त्याची वाट पाहत बसली आहे, असं मानतात. तिची मूर्तीही दाखवतात.

ही कथा ऐकली की आपण आधी राजाकडे वळतो. हा वरगुण पहिला की दुसरा, शतक कोणतं, पुरावा काय. इतिहासकाराला ते पाहिलंच पाहिजे. पण याच कथेला निराळे प्रश्नही घालता येतात. राजाला पाठवलं कोणी? उंबरठा ओलांडताना त्याचं काय बाहेर राहिलं? आलेलं दार त्याला पुन्हा का वापरता येत नाही? राजाचं नाव बदला, गाव बदला, ब्रह्महत्येच्या जागी एखादा शाप घाला, तरी कथेतल्या हालचाली त्याच राहतात. व्यक्तींपेक्षा या हालचाली आणि त्यांची आपसातली नाती तपासणं, हे संरचनावादी कथाविश्लेषणाचं काम. प्रस्तुत पुस्तक हे काम एका अरबी चित्रपटावर करतं. हैफा अल-मन्सूर या सौदी दिग्दर्शिकेचा २०१२ सालचा 'वज्दा' हा तो चित्रपट. मूल मोठं होण्याच्या आणखी काही अरबी, मराठी आणि तमिळ चित्रपटांची त्याला सोबत आहे.

याच देवळात आणखी एक कथा धातूत ओतून उभी आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातल्या अम्मुणू नावाच्या तरुणीने नात्यातल्या प्रतापसिंहाशी लग्न व्हावं म्हणून लक्ष दिव्यांचा नवस बोलला. लग्न झालं. १८५३ साली तिने नवस फेडला आणि हातात दिवा घेतलेली स्वतःचीच मूर्ती देवापुढे उभी केली. पायथ्याच्या तमिळ लेखात हे सारं नोंदलेलं आहे. कलेचे अभ्यासक दीपलक्ष्मींच्या परंपरेत या मूर्तीचा उल्लेख करतात. मला तिच्यातली कथेची रचना जास्त मोलाची वाटते. आधी उणीव, मग मागणं, मग प्राप्ती, आणि शेवटी मागणारीच देणारीच्या जागी येऊन उभी राहते. कथा संपताना तिची जागा बदललेली असते. या पुस्तकाचा मुख्य मुद्दा यापासून फार लांब नाही.

कुंभकोणमहून मायिलाडुदुरैच्या वाटेवरच्या या गावात बसून मराठीत लिहिण्याचं नवल वाटायला नको. १७९८ साली इंग्रजांनी अमरसिंहाला तंजावरच्या गादीवरून उतरवून सरफोजींना बसवलं, तेव्हा अमरसिंह आपला लवाजमा घेऊन इथं येऊन राहिला. इथल्या त्याच्या छोट्या दरबारात गवयांना आश्रय होता. मराठी नाटकाचा जन्म १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला असं आपण शाळेत शिकतो. पण तंजावरच्या शहाजी राजाने, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी मराठीत नाटकं रचली होती आणि ती सरस्वती महाल ग्रंथालयाने जपली आहेत. आधी गणपती, मग कट्टियकार येऊन वर्दी देणार, मग कथानक, आणि शेवटी देवाचं किंवा राजाचं लग्न, असा त्यांचा साचा. रशियन लोककथांच्या अभ्यासात व्लादिमिर प्रॉपला जे शेवटचं कथाकार्य सापडलं तेही लग्नच. योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण असे योगायोग फार वेळा घडायला लागले की अभ्यास सुरू होतो.

प्रॉपपासूनच सुरुवात केलेली बरी. १९२८ साली लेनिनग्राडमध्ये त्याचं लोककथांच्या रूपविचाराचं छोटं पुस्तक आलं. अफनास्येवच्या संग्रहातल्या शंभर अद्भुतकथा त्याने समोर ठेवल्या आणि पात्रं कोण आहेत यापेक्षा ती काय करतात ते नोंदवायला घेतलं. राजा वीराला गरुड देतो, म्हातारा घोडा देतो, जादूगार नाव देतो. तिन्ही ठिकाणी घडतं एकच: दाता नायकाला साधन देतो आणि ते त्याला दूर नेतं. अशी एकतीस कार्यं आणि सात भूमिका त्याने मांडल्या. प्रत्येक कथेत सगळी कार्यं असतातच असं नाही, पण जी असतात त्यांचा क्रम बदलत नाही, हा त्याचा धाडसी दावा होता. सुरुवातीची कार्यं मूल मोठं होण्याच्या कोणत्याही कथेत भेटतील अशी आहेत. घरातलं कोणी तरी दूर जातं. एक मनाई घातली जाते. ती मोडली जाते. काही तरी हरवतं किंवा कशाची तरी उणीव जाणवते. 'वज्दा' पाहणाऱ्याला ही यादी वाचताना दचकायला होईल.

प्रॉपचं हे पुस्तक तीस वर्षं जवळजवळ अडगळीत पडलं. १९५८ साली इंग्रजी भाषांतर झालं तेव्हा पॅरिसचं वातावरण त्याच्यासाठी तयार होतं. १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांनी भाषेकडे पाहायची रीत बदलली होती. शब्दाला अर्थ मिळतो तो इतर शब्दांपासूनच्या वेगळेपणातून, हे त्यातलं सूत्र. क्लोद लेव्ही-स्ट्रोसने १९५५ साली ते मिथकांना लावलं. त्याने ईडिपसची कथा क्रमाने न वाचता स्तंभांत मांडली आणि स्तंभांमधले विरोध वाचले. प्रॉपचं ऋण मान्य करूनही त्याने त्याच्यावर नुसतं रूप धरून आशय टाकून दिल्याचा ठपका ठेवला. प्रॉपने त्याला चिडून उत्तर दिलं. मी लोककथांचा अभ्यासक आहे, तत्त्वज्ञाने मला माझं काम शिकवू नये, असा त्याचा रोख होता. या भांडणात माझं मत प्रॉपच्या बाजूने पडतं. शंभर कथा एकेक करून वाचलेल्या माणसाचा राग समजण्यासारखा आहे.

१९६६ साली 'कोम्युनिकासियों' या फ्रेंच नियतकालिकाच्या आठव्या अंकात बार्थ, तोदोरोव, जेनेत, ब्रेमों, मेट्झ आणि एको एकत्र आले. कथनमीमांसेचा इतिहास लिहिणारा कोणीही हा अंक टाळू शकत नाही. त्याच वर्षी ग्रेमासने प्रॉपच्या सात भूमिका सहा जागांवर आणल्या: इच्छिणारा आणि इच्छिलेली वस्तू, पाठवणारा आणि ज्याच्यासाठी पाठवलं तो, साह्य करणारा आणि आडवा येणारा. या जागांवर माणसंच बसतील असं नाही. पाऊस आडवा येऊ शकतो, परंपरा पाठवू शकते. एकाच माणसाला दोन जागा मिळू शकतात, आणि खरी गंमत तिथं सुरू होते. तोदोरोवने कथेला समतोलापासून असमतोलातून नव्या समतोलाकडे जाणारा प्रवास म्हटलं. जेनेतने १९७२ साली काळाचा क्रम, गती, वारंवारता आणि कोणाच्या नजरेतून कथा दिसते याची बारकाईने मांडणी केली. बार्थने त्याआधीच, १९७० साली, बाल्झाकच्या एका कथेचे ५६१ तुकडे करून दाखवले आणि संरचनावादाच्या शिस्तीला आतूनच सुरुंग लावला. चित्रपटाच्या बाजूला ख्रिस्तियाँ मेट्झ होता. चित्रपटात शब्दकोश नसतो, तरी दृश्यं एकमेकांना जोडण्याच्या पद्धती मोजता येतात, असं म्हणून त्याने आठ प्रकार सांगितले. आज ते आठ प्रकार कोणी जसेच्या तसे वापरत नाही. पण दोन दृश्यांमध्ये काय गाळलं गेलं हे विचारायची सवय आपल्याला त्याच्यामुळे लागली.

हे सारं परकं आहे असं समजून कोणी पुस्तक मिटू नये. नाट्यशास्त्रात भरताने कथावस्तूच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. त्यांच्याशी पाच अर्थप्रकृती आणि मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण हे पाच संधी जोडले आहेत. हातात आलंसं वाटणारं फळ विमर्शात दुरावतं, ही नोंद कोणत्याही पटकथालेखकाने भिंतीवर लिहून ठेवावी. आपल्या कीर्तनालाही पूर्वरंग आणि उत्तररंग असा कणा आहे. हाच कणा साकी-दिंडीसकट तंजावरच्या हरिकथेत गेला आणि तंजावर कृष्ण भागवतरांच्या तोंडून तमिळ श्रोत्यांपर्यंत पोचला. भाषा बदलली, सांगण्याची चौकट राहिली.

मराठी समीक्षेत गंगाधर पाटलांनी 'समीक्षेची नवी रूपे'मधून या विचारांची ओळख करून दिली. हरिश्चंद्र थोरातांनी कादंबरीच्या संदर्भात कथनमीमांसेला मराठीत पाय रोवून दिले. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांचा 'आधुनिक समीक्षा-सिद्धान्त' विद्यार्थ्यांच्या हाती असतो. चित्रपटाचं बारीक वाचन पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी रुजवलं. 'पथेर पांचाली' ते दृश्यागणिक उलगडून शिकवत. अरुण खोपकरांच्या 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका'ने अशा वाचनाला मराठी गद्याचं वैभव दिलं. पण ही दोन कुळं, साहित्यातली कथनमीमांसा आणि चित्रपटाचं रसग्रहण, मराठीत फारशी एका पंगतीला बसली नाहीत. वर्तमानपत्रातलं चित्रपट-परीक्षण कथा सांगतं, अभिनयाला गुण देतं आणि छायाचित्रण 'नेत्रसुखद' म्हणून मोकळं होतं. ही पोकळी भरायची या पुस्तकाची इच्छा आहे.

वयात येण्याचीच कथा का निवडावी? आर्नोल्ड फान खेनेपने १९०९ साली संक्रमणविधींचे तीन टप्पे दाखवले: आधीच्या स्थितीपासून तुटणं, मधला उंबरठा, नव्या स्थितीत सामावणं. व्हिक्टर टर्नरने पुढे मधल्या टप्प्यावर भर दिला, जिथं माणूस ना इकडचा ना तिकडचा असतो. मुंज आठवली तर हे टप्पे वेगळे समजवावे लागणार नाहीत. आधुनिक समाजात असे विधी पातळ झाले. कादंबरीने आणि नंतर चित्रपटाने त्यांची जागा घेतली. जर्मनीत गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून घडण्याच्या कादंबरीची परंपरा चालत आली. अरबीत ताहा हुसेन यांच्या 'अल-अय्याम'मध्ये आंधळा मुलगा खेड्यातून कैरोच्या अल-अझहरकडे निघतो.

अरबी चित्रपटात हा उंबरठा कित्येकदा अक्षरशः दाराच्या रूपाने येतो. फरीद बूगेदीरच्या १९९० सालच्या 'हल्फावीन'मध्ये ट्यूनिसमधला नूरा आईबरोबर बायकांच्या हम्माममध्ये जात असतो. एक दिवस त्याची नजर मुलाची राहिलेली नाही हे बायकांच्या लक्षात येतं आणि त्याला बाहेर काढलं जातं. ते दार पुन्हा उघडत नाही. नाजी अबू नवारच्या 'थीब'मध्ये (२०१४) दार नाही, वाळवंट आहे. १९१६ साली हिजाझमध्ये एक बदाऊ मुलगा मोठ्या भावामागोमाग इंग्रज अधिकाऱ्याला वाट दाखवायला निघतो आणि भावाला गमावतो. त्याच्या भावाला मारणाराच त्याचा एकमेव सोबती होतो. ग्रेमासच्या साह्य करणाऱ्या आणि आडवं येणाऱ्या जागांवर एकच माणूस बसलेला दाखवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. जॉर्डनच्या या चित्रपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

मराठीत या प्रकाराची सुरुवात सांगायची तर १९५३ च्या 'श्यामची आई'पर्यंत जावं लागतं. साने गुरुजींच्या पुस्तकावरून अत्र्यांनी काढलेल्या या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. तिथं पाठवणारी आई होती. काय हवं, काय चांगलं, कशासाठी जगायचं, हे ती ठरवत होती. साठ वर्षांनंतरच्या 'शाळा', 'फँड्री', 'किल्ला', 'एलिझाबेथ एकादशी' या चित्रपटांत ती जागा रिकामी झाली आहे, निदान डळमळली आहे. 'किल्ला'तली आई बदलीच्या नोकरीत आणि वैधव्यात स्वतःच चाचपडते. मुलाला कोणीही पाठवत नाही, त्याची इच्छा त्याची त्यालाच शोधावी लागते. मराठी बालपटातला हा बदल इतका मोठा आहे की नुसती कथा सांगून तो लक्षात येत नाही. जागा मोजल्या की येतो.

आता 'वज्दा'. रियाधमधली दहा-अकरा वर्षांची मुलगी. शेजारचा अब्दुल्ला तिला चिडवून सायकलवरून पळतो, तिला त्याच्याशी शर्यत लावायची आहे. पण मुलीने सायकल चालवायची नसते. एके दिवशी रस्त्यालगतच्या भिंतीवरून एक हिरवी सायकल हवेत तरंगत गेल्यासारखी तिला दिसते. खरं तर ती गाडीच्या टपावर बांधून चाललेली असते, पण भिंतीमुळे गाडी दिसत नाही. ही चौकट थांबून पाहण्यासारखी आहे. इच्छिलेली वस्तू आधाराविना, जमिनीला न टेकता प्रवेश करते. दुकानात तिची किंमत आठशे रियाल. वज्दा धाग्यांची ब्रेसलेट विकते, निरोप पोचवून पैसे उकळते आणि शेवटी शाळेच्या कुराणपठणाच्या स्पर्धेत नाव घालते. बक्षीस हजार रियालचं. ती जिंकते. बक्षिसाचं काय करणार, असं विचारल्यावर ती खरं बोलते. मुख्याध्यापिका पैसे पॅलेस्टिनींसाठी दान करून टाकते.

इथं सहा जागा मांडून पाहा. स्पर्धा भरवणारी शाळा साह्य करणारी आहे आणि तीच आडवी येणारीही. आई तिला सायकल चालवायला विरोध करते. पण वडील मुलासाठी दुसरं लग्न करतात त्या रात्री, गच्चीवरून दूरच्या वरातीची आतषबाजी दिसत असताना, तिने सायकल आणून ठेवलेली असते. स्वतःच्या लाल पोशाखासाठी राखलेले पैसे तिने त्यात घातलेले असतात. मुलीची धडपड, स्पर्धा, जिंकणं, यांतून सायकल आलेलीच नाही. प्रॉपच्या भाषेत, कसोटीला उतरूनही दात्याने साधन दिलं नाही आणि ते भलत्याच हातून आलं. आडवी येणारी आई दात्याच्या जागी सरकली आणि या सरकण्यातच आईची स्वतःची, नवऱ्याला राखण्याची कथा संपली. मोठी झाली ती फक्त मुलगी नव्हे. पुस्तकातल्या मुख्य निबंधाचा हा निष्कर्ष मला पूर्ण पटतो. ती वरात आपल्याला जवळून दाखवलेली नाही. मुलीला गच्चीवरून दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. जेनेतने नजरेबद्दल जे लिहिलं ते इथं एका दृश्यात कळतं.

दुसरी एक चौकट. घरात टांगलेल्या वंशवृक्षावर फक्त पुरुषांची नावं आहेत. वज्दा एका चिठ्ठीवर आपलं नाव लिहून केसांतल्या पिनेने तिथं टोचते. पुढे पाहते तर चिठ्ठी काढलेली. कथानक इथं इंचभरही पुढे सरकत नाही. ही दोन दृश्यं वगळली तरी सायकल येईलच. मग ती का आहेत? लेव्ही-स्ट्रोसच्या स्तंभांकडे वळलं की उत्तर मिळतं. एका स्तंभात जिथं मुलीला जागा नाही त्या गोष्टी: वंशवृक्ष, रस्ता, सायकल. दुसऱ्यात तिने जागा करून घेण्याचे प्रयत्न: पिन, काळ्या बुटांच्या रांगेतले तिचे कॅनव्हासचे बूट, शर्यत. क्रमाने वाचलं तर सायकल मुख्य वाटते. स्तंभांत वाचलं तर सायकल ही पिनेची मोठी आवृत्ती आहे.

हिरव्या सायकलीला 'एलिझाबेथ एकादशी'तली सायकल जणू आरशात दिसावी तशी आहे. पंढरपूरच्या ज्ञानेशकडे सायकल आहे आणि ती वडिलांची आठवण आहे. कर्जापायी आईचं विणकामाचं यंत्र जातं, सायकल विकायची वेळ येते. मग मुलं कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान मांडतात. तिथं मिळवायची वस्तू इथं राखायची होते. २०१४ चा सर्वोत्तम बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या मराठी चित्रपटाला एका तमिळ चित्रपटाबरोबर विभागून मिळाला, तो म्हणजे एम. मणिकंदनचा 'काक्का मुट्टै'. चेन्नईच्या झोपडपट्टीतले दोन भाऊ रुळांवरचा कोळसा वेचून पिझ्झ्याचे पैसे जमवतात आणि दुकानाच्या दारातून त्यांना मारून हाकलतात. शेवटी ते आत जातात, सन्मानाने जातात, पिझ्झा खातात, आणि आजीने केलेला डोसाच बरा होता असं त्यांना वाटतं. एक मिळवते, एक राखतो, दोघांना मिळालेलं नको होतं. तीन देश नव्हे, तीन भाषा आणि दोन देश, पण कथेचं गणित एकच, फक्त चिन्हं बदललेली. परीक्षकांना याची जाणीव होती की नाही माहीत नाही. पुरस्कार विभागून देण्याइतका दुसरा योग्य निर्णय मला सुचत नाही.

रचना मोडते तिथंच ती जास्त बोलते, हे नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त दिसतं. त्यातला मुलगा जब्या काळ्या चिमणीच्या मागे आहे. तिची राख आवडत्या शालूवर टाकली की ती आपली होईल, असं त्याला सांगितलेलं आहे. प्रॉपचं जादूचं साधन ते हेच. पण चिमणी हाताला लागत नाही. जब्याच्या घरच्यांची डुकरं पकडण्याची धावपळ ऐन रंगात असताना शेजारच्या शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. कथा चालू असताना कथेबाहेरची एक सत्ता तिला 'थांब' म्हणते. असं कार्य प्रॉपच्या एकतीसांत नाही. त्याच्या यादीत बसत नाही म्हणूनच ते महाराष्ट्राबद्दल इतकं सांगून जातं. जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड कॅमेऱ्यावर येतो तेव्हा आडवं येणाऱ्याच्या जागेवर प्रेक्षक बसलेला असतो. तिथं आपण स्वतःहून बसलो नाही, दिग्दर्शकाने बसवलं.

संरचनावादावरचे आक्षेप ठाऊक आहेत. इतिहास पुसतो, सगळ्या कथा एकाच मापाने मोजतो, आकृत्या काढत बसतो. पन्नास वर्षांपूर्वीच त्याचं तेरावं घातलं गेलं, असंही म्हणतात. आक्षेपांत तथ्य आहे. पण अरबी चित्रपटाच्या बाबतीत मला या पद्धतीचा एक मोठा फायदा दिसतो: ती कीव येऊ देत नाही. 'वज्दा'बद्दल लिहिलं गेलेलं बरंचसं लिखाण पडद्यामागच्या हकिकतीवर संपतं. दिग्दर्शिकेला काही भागांत गाडीत बसून वॉकी-टॉकीवरून सूचना द्याव्या लागल्या, त्या वेळी देशात सिनेमागृहंच नव्हती, वगैरे. हे खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. २०१८ मध्ये सौदीत सिनेमागृहं पुन्हा उघडली, त्याच वर्षी बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. परिस्थिती बदलली म्हणून चित्रपट जुना झाला का? केवळ 'बिचाऱ्या मुली'ची बातमी म्हणून तो पाहिला असेल तर झाला. जागांची अदलाबदल म्हणून पाहिला असेल तर तो सांगली-सोलापुरातल्या घरालाही लागू आहे. आईने मुलीला आडवं यायचं आणि तिनेच शेवटी दार उघडायचं, यासाठी रियाधला जायची गरज नाही.

आत्ताच हे पुस्तक का, याला आणखी एक कारण आहे. पटकथेच्या कार्यशाळा गावोगाव निघाल्या आहेत. तिथं जोसेफ कॅम्पबेलच्या १९४९ च्या पुस्तकावरून हॉलीवूडने ऐंशीच्या दशकात बनवलेला 'नायकाचा प्रवास' बारा पायऱ्यांत शिकवला जातो. अमुक पानावर संकट, तमुक पानावर गुरू. प्रॉपने सापडलेल्या कथांचं शवविच्छेदन केलं. या मंडळींनी त्याची पाककृती केली. परिणाम आपण पडद्यावर पाहतोच आहोत. विश्लेषण नियम शोधतं ते नियम कुठं मोडला हे दिसावं म्हणून. हा फरक ध्यानात असलेला लेखक नागराज मंजुळेंच्या वाटेला जातो, नसलेला बारा पायऱ्या मोजत बसतो.

पुस्तकाबद्दल थोडं. यातले निबंध एकाच हाताचे नाहीत आणि एकाच मताचेही नाहीत. एका निबंधात भरताचे संधी 'वज्दा'ला लावले आहेत. विमर्श तिथं चपखल बसतो, फलागमाशी मात्र लेखकाला झगडावं लागतं, कारण फळ प्रयत्नाला येत नाही. हा झगडा लेखकाने लपवलेला नाही, म्हणून तो निबंध मला आवडला. आकृत्या जरा जास्त झाल्या आहेत. सहा जागांचा चौकोन चौथ्यांदा आला की वाचक पान उलटणार. ध्वनीकडे दुर्लक्ष झालं आहे. 'वज्दा'त पठणाचा आवाज आणि रस्त्यावरचा आवाज यांच्यातला विरोध हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय होता. अरबी संवादांचे अर्थ इंग्रजी उपशीर्षकांवरून घेतले आहेत, हे संपादकांनी प्रांजळपणे सांगितलं आहे. पुढच्या आवृत्तीत अरबी जाणणारा कोणी सोबतीला घ्यावा.

वाचकांना एकच विनंती. निबंध वाचण्याआधी 'वज्दा' आणि 'एलिझाबेथ एकादशी' पाहून घ्या. जमल्यास एकाच आठवड्यात, आणि घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर त्याच्याबरोबर. सायकल कोणी दिली, कोणासाठी, आणि कोण आडवं आलं, हे आधी त्याला विचारा. त्याच्या उत्तराशी पुस्तकातली आकृती जुळली नाही, तर मुलाचं उत्तर समासात पेन्सिलीने लिहून ठेवा.

तिरुविडैमरुदूर, जि. तंजावर